ओल किती गेली?

मृग निघाला की कोकणात आणि मावळात पेरण्यांची गडबड उडते. आमच्या सोलापुरात तेव्हा वारं सुटलेलं असतं. पश्चिमेकडून दिवसभर भणाणणारं, गल्लीतली धूळ उचलून डोळ्यांत घालणारं, गच्चीवरचे कपडे दोरीसकट ओढणारं वारं. ढग येतात, चांगले काळेभोर दिसतात आणि थांबायचं नाव न घेता तेलंगणाच्या दिशेनं निघून जातात. त्यांच्यातलं बरंचसं पाणी सह्याद्रीनं आधीच काढून घेतलेलं असतं. जिल्ह्याची वर्षाची सरासरी साधारण ५४५ मिलिमीटर, म्हणजे महाबळेश्वरला पडतो त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. त्यातला सगळ्यात मोठा वाटा सप्टेंबरचा.

पावसाच्या चिन्हांबद्दल लिहायला बसले तेव्हा हीच गोष्ट आधी सांगावीशी वाटली. कावळ्याचं घरटं, टिटवीची अंडी, चंद्राचं खळं, बहाव्याची फुलं हे सगळं आपल्याकडे असं सांगितलं जातं, की जणू महाराष्ट्रभर एकच पाऊस पडतो. तसं नाही. प्रत्येक चिन्ह कुठल्या तरी जमिनीत उगवलेलं असतं, आणि दुसऱ्या जमिनीत नेलं की त्याचा अर्थ बदलतो. कधी कधी तर उरतच नाही.

आमच्या घरात ही विद्या तीन वाटांनी आली. आजी बार्शीकडची, तिच्या तोंडी नक्षत्रांच्या म्हणी. आत्याचं सासर अक्कलकोट तालुक्यातलं, घरात कानडी बोलणारं; त्यांची चिन्हं वेगळी. आणि आप्पा, म्हणजे माझे आजोबा, मोहोळ तालुक्यातल्या जिरायत काळ्या रानात आयुष्य घातलेले. त्यांचं म्हणणं या दोघींहून वेगळं होतं, त्याकडे येतेच.

आजीच्या म्हणी आधी. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो. म्हणून ७-८ जूनचा मृग, १६-१७ ऑगस्टच्या मघा, १३ सप्टेंबरच्या उत्तरा, २७ सप्टेंबरचा हस्त या तारखा दर वर्षी जवळजवळ तिथंच असतात. तिथ्या पुढंमागं सरकतात, अधिक महिना आला की सणांचा मेळ बदलतो. पावसाची नक्षत्रं मात्र इंग्रजी तारखेला घट्ट धरून चालतात. ज्यांनी पावसाळ्याचं हे माप ठरवलं त्यांनी मोठं काम केलं आहे. पंधरवड्याला नाव मिळालं की त्या पंधरवड्याची आठवण ठेवता येते. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, मघांचा सासूचा आणि पूर्वांचा सुनेचा. ‘गेल्या साली सुनेचा पाऊस गेला, पण सासूनं तारलं,’ असं आजी बोलायची, तेव्हा त्या एका वाक्यात तिचा अख्खा महिना असायचा.

‘पडल्या उत्तरा, तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण तिला पाठ होती. तिच्या माहेरी भाताचं एक खाचर नव्हतं. भाताच्या मुलखातून कुणीतरी ती आणलेली. पण ‘पडेल हत्ती, तर पाडील भिंती’ ही मात्र तिनं डोळ्यांनी पाहिलेली. जुनी घरं माळवदाची, भिंती मातीच्या. उन्हाळाभर तापून भेगाळलेल्या त्या भिंती जूनच्या भुरभुरीनं नुसत्या वरवर भिजायच्या. हस्ताचा, म्हणजे म्हणीतल्या हत्तीचा, पाऊस रात्ररात्र कोसळायचा, तेव्हा माळवद ठिबकायला लागायचं आणि पहाटे कुणाच्या तरी वाड्याची बाजू बसल्याचा आवाज यायचा. आणि ‘पडतील स्वाती, तर पिकतील माणिक मोती’ म्हणजे काय, हे मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ओंजळीत घेतली की कळतं. ऑक्टोबरच्या अखेरीला, शाळू (रब्बीची ज्वारी) वीतभर वर आलेला असताना एक सर मिळाली, तर तेच मोती.

पाडव्याला घरात पंचांग वाचलं जायचं. महाराष्ट्रभर जाणारं दाते पंचांग आमच्या सोलापुरातूनच निघतं, शंभर वर्षांहून जास्त काळ. त्यात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं आणि बाकीवरून वाहन ठरवायचं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर मध्यम. कोल्हा आणि मेंढा आले की तुटवडा. लहानपणी हत्ती यावा म्हणून आम्ही पोरं देवाला हात जोडायचो. आज विचार करते तेव्हा वाटतं, हा हिशेब आहे, निरीक्षण नव्हे. त्याच बेडकावर करमाळाही बसतो आणि कणकवलीही. म्हणून वाहनाला मी पक्षी-झाडांच्या रांगेत उभं करत नाही.

भाकणुकीचं मात्र तसं नाही. भाकणूक सोलापूरचीच. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, आम्ही तिला गड्डा म्हणतो. सात नंदीध्वज निघतात, होम मैदानावर होमाचा विधी होतो आणि त्यानंतर रात्री, थंडीत कुडकुडत, माणसं एका वासरासाठी थांबून राहतात. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात. मानकरी हिरेहब्बू पूजा करतात. मग त्याच्यापुढं धान्यं, गूळ, बोरं, गाजर, खोबरं असं एकेक ठेवतात. त्यानं कशाला तोंड लावलं, कशाचा नुसता वास घेतला, बिथरलं की शांत राहिलं, यावरून सालाचं भाकीत. त्यानं मूत्र आणि शेण टाकलं की पाऊसपाणी चांगलं. गर्दीत मला एकदा पुढं जागा मिळाली होती. वासराच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती, कान सारखे मागं-पुढं होत होते, आणि माझ्या शेजारचा धोतर नेसलेला म्हातारा श्वास रोखून, ओठांनी न आवाज करता, ‘कर बाबा, कर,’ म्हणत होता. त्यानं केलं. म्हाताऱ्यानं हात जोडले, डोळे पुसले.

जानेवारीतल्या वासराला सप्टेंबरचा पाऊस कळतो, असं मला वाटत नाही. पण त्या रात्री मैदानावर जे घडतं ते अंदाजाच्या तराजूत घालायला मन तयार होत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामांनी या कोरड्या मुलखात तळं खोदलं, त्यांच्या दारात त्यांच्या गावानं वर्षातून एकदा पाण्याचा विषय एकत्र काढावा, हे मला फार योग्य वाटतं. शहराला वर्षभर पाण्याची आठवण फक्त नळ कोरडा गेला की होते.

आत्याच्या गावाकडे ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी असते. बैल रंगवतात, वेशीत दोर किंवा तोरण बांधतात आणि बैल पळवतात. पांढऱ्या बैलानं आधी कर, म्हणजे तो दोर, तोडली तर पांढरी पिकं, म्हणजे ज्वारी, जोमात येणार. तांबड्यानं तोडली तर खरिपाचं साल. आत्याच्या सासऱ्यांना विचारलं होतं, की यावरून तुम्ही पेरणी बदलता का? ते म्हणाले, ‘पेरणी रान बघून असते बाळ, बैल बघून नव्हे. बैल बघून आनंद.’ इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

आता पक्षी. या विषयात सोलापूरचा माणूस म्हणून मारुती चितमपल्लींचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १९३२ साली सोलापुरात जन्मले, आयुष्य वनखात्यात विदर्भाच्या जंगलांत काढलं आणि जून २०२५ मध्ये सोलापुरातच गेले. कावळ्यानं आंब्या-करंजावर घर केलं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केलं तर कमी. बिब्ब्याला बहर आला की दुष्काळ, असे आदिवासींचे आणि पारध्यांचे ठोकताळे त्यांनी आदरानं टिपले आणि आपल्यापर्यंत पोचवले. ते त्यांनी टिपले नसते तर हे ज्ञान सांगणाऱ्यांबरोबर संपलं असतं.

आदर ठेवूनच त्यातलं एकेक तपासून पाहावंसं वाटतं. टिटवी घ्या. नान्नजच्या माळावर, माळढोकाच्या अभयारण्याच्या कडेला, टिटवीचं घरटं पाहिलं आहे. घरटं कसलं, चार खडे सारून केलेली खळगी. अंडी मातीच्या रंगाची, वर काळपट ठिपके, दोन हातांवरून बघितली तरी दिसत नाहीत. टिटवीनं अंडी बांधावर, उंचवट्यावर घातली तर पाऊस दांडगा. ओढ्याच्या, तळ्याच्या पोटात घातली तर पाऊस नाही. चार अंडी असली तर चारही महिने पाऊस. आता, टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. निमुळती टोकं आत वळवून ती अशी मांडते, की चारही तिच्या पोटाखाली बसावीत. त्यामुळे चार अंड्यांवरून चार महिने सांगायचे तर दर वर्षी सुकाळच निघेल. उंचवट्याचं चिन्ह मात्र मी एवढ्या सहज टाकून देणार नाही. आदल्या साली पाण्यात गेलेली जागा पक्षी टाळत असेल, तर ती त्याची आठवण आहे. गेल्या पावसाची आठवण आणि पुढच्या पावसाचं भाकीत यांत फरक आहे, एवढंच.

बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस, असं म्हणतात. बहावा एप्रिल-मेच्या उन्हात फुलतो, त्यात दीड महिना मिळवला की जून येतो. किनारपट्टीवर हे चिन्ह फारसं चुकणार नाही. सोलापुरात जूनमध्ये आभाळ येतं आणि मघाशी म्हटलं तसं वाऱ्यावर निघून जातं. पावशाचंही तेच. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असं तो जीव तोडून ओरडतो, तेव्हा आमच्याकडे बाजरी, तूर, उडीद पेरतात लोक, नाही असं नाही. पण या जिल्ह्याचं खरं पीक शाळू. तो पेरायची वेळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तोवर पावशा गप्प झालेला असतो. आमच्या मोठ्या पेरणीला हाक देणारा पक्षीच नाही. मग ती वेळ आम्हाला कोण सांगतं?

इथं आप्पा येतात.

आप्पांना कावळा, टिटवी, बहावा सगळं ठाऊक होतं, आणि त्यावर त्यांचा राग नव्हता. फक्त विसंबणं नव्हतं. बहात्तर साली कावळ्यानं त्यांच्या विहिरीवरच्या आंब्यावरच घर केलं होतं, असं ते सांगायचे. त्याच साली त्यांनी खडी फोडायच्या कामावर हजेरी लावली आणि घरात परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी झाल्या. त्यानंतर त्यांनी वर बघणं कमी केलं. पाऊस पडून गेला की गावात सगळे ‘किती झाला?’ विचारायचे. आप्पा विचारायचे, ‘ओल किती गेली?’

एकदा नवरात्राच्या आधी त्यांच्याबरोबर रानात गेले होते. दोन रात्री चांगला पाऊस झालेला, तिसऱ्या दिवशी ऊन. बांधावर चप्पल काढून ठेवायला लावली. काळ्या रानात उन्हाळ्यात पडलेल्या भेगा मी पाहिलेल्या, हाताचा पंजा सहज आत जाईल एवढ्या. त्या आता मिटल्या होत्या. आप्पा वाकून त्याच शोधत होते. ‘भेग मिटली म्हणजे रान प्यालं,’ ते म्हणाले. भेगा उघड्या असतात तोवर पाणी सरळ खाली जातं. माती फुगते तशा त्या बंद होत जातात. मग त्यांनी पहार घेतली आणि नुसत्या हाताच्या जोरावर जमिनीत दाबली. एका ठिकाणी दीड हात गेली, उताराच्या अंगाला वीतभर जाऊन अडली. तिथं त्यांनी खुरप्यानं खणलं, खालची माती काढली, मुठीत दाबली. गोळा झाला. तो त्यांनी कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. पडून फुटला. ‘वापसा आला. उद्या कुरी धरायची,’ म्हणाले. कुरी म्हणजे पेरणीची पाभर. उताराचा तुकडा मात्र ठेवला. तिथं हरभरा टाकू, शाळूला तिथली ओल पुरायची नाही, असा त्यांचा हिशेब.

गोळा न फुटता चिकटून बसला असता तर रान अजून ओलं. कुरीच्या फणाला माती लागली असती आणि बी दडपलं असतं. गोळा झालाच नसता तर ओल उडाली. या दोहोंच्या मधले दोन-चार दिवस म्हणजे वापसा. तेवढ्यात चाड्यावर मूठ धरली तर पुढचे चार महिने एक थेंब पडला नाही तरी काळी आई शाळू पिकवते, थंडीवर आणि पोटातल्या ओलीवर. याच मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ इतकी वर्षं टिकून राहिली ती याच गुणावर. म्हणून मला वाटतं, आमच्या मुलखाचं हवामानाचं सगळ्यात पक्कं ज्ञान आभाळाबद्दलचं नाहीच. पडलेल्या पावसाचं पुढं काय झालं, हे ओळखण्याचं ते ज्ञान आहे. त्याला भाकीत म्हणता येतं, आणि ते चार महिन्यांचं असतं.

या नजरेनं बघायला लागले तेव्हा इतर काही चिन्हंही वेगळी दिसली. मृगाचा किडा, तो लाल मखमलीचा इवलासा जीव, पावसाची वर्दी देतो म्हणतात. तो जमिनीत राहतो आणि चांगला पाऊस मुरल्यावर वर येतो. म्हणजे पुढच्या पावसाचं तो काही सांगत नाही. झालेला पाऊस जमिनीत उतरल्याची खूण देतो. पंख फुटलेल्या वाळव्या दिव्याभोवती येतात त्याही ओल झाल्यावरच. आणि घटस्थापना! शेतातली माती आणायची, घरच्या बियाण्यातली ज्वारी, गहू, हरभरा त्यात पेरायचे, नऊ दिवस पाणी घालायचं. दसऱ्याला आई वाकून बघायची, कुठलं धान्य दाट उगवलं, कुठलं विरळ. जे दाट ते यंदा पिकणार. देवीचा कौल म्हणून बघायची, आणि त्याच वेळी ती बियाण्याची उगवण बघत होती, ऐन रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर, आपल्याच रानातल्या मातीत. ज्वारी विरळ उगवली तर कणगीतलं बी किडकं आहे हे कळायचं आणि शेजारून बी बदलून आणायला अजून चार दिवस हातात असायचे. हे ज्या कुणा बाईच्या डोक्यातून प्रथम आलं असेल, तिला माझा नमस्कार.

आभाळाची चिन्हं सगळी टाकायची नाहीत. चंद्राला दूरचं मोठं खळं पडलं तर पाऊस जवळ, जवळचं लहान खळं पडलं तर पाऊस लांब, हे आप्पाही मानायचे. मोठं खळं उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या कणांतून दिसतं, आणि बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचं क्षेत्र सरकत येतं तेव्हा असे ढग आधी पसरतात. आमचा परतीचा मोठा पाऊस पुष्कळदा त्याच बाजूनं येतो. १४ ऑक्टोबर २०२०चा तसाच होता. म्हणून सप्टेंबरात वारं पडलं, घामानं जीव नकोसा झाला आणि रात्री ईशान्येला वीज लवायला लागली, की आमच्याकडची माणसं कडबा झाकायला उठतात. हेच चिन्ह कोकणात नेऊन उपयोग नाही. ते पूर्वेकडे तोंड करून राहणाऱ्यांचं आहे.

आता रडार आहेत. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी मुद्दाम सोलापूर निवडलं, आमचा भाग पर्जन्यछायेतला म्हणूनच. विमानं ढगांच्या तळाशी जाऊन क्षारांच्या नळकांड्या पेटवायची. अभ्यासल्या गेलेल्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस झाल्याचा निष्कर्ष निघाला. त्याला आधी आभाळात योग्य ढग लागतो, तो मात्र कुणाला आणता येत नाही. त्या काळात एसटीत एक बाई दुसरीला सांगत होती, ‘विमान फिरलं की ढग पळतो.’ लोकसमजूत कशी जन्मते हे मी तेव्हा कानानं ऐकलं. कोरड्या आभाळाला कारण हवं असतं.

२०२५ सालानं सगळ्यांनाच गोंधळात टाकलं. मे महिन्यातच पावसानं झोडपलं, मोसमी पाऊस मृगाच्या कितीतरी आधी राज्यात आला. आणि सप्टेंबरात, उत्तरा चालू असताना, सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात. पिकं गेलीच, कित्येक ठिकाणी वरची काळी माती वाहून गेली, खाली मुरूम उघडा पडला. आत्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, ‘पाणी ओसरलंय, पण वापसाच येईना.’ पेरणीची तारीख पुढं गेली. ज्या मातीवर पहार दाबून आप्पा चार महिन्यांचं सांगू शकायचे, ती मातीच जाग्यावर राहिली नाही, तर ते ज्ञान कुठं उभं राहणार? मला पावसाच्या लहरीपेक्षा याचं भय जास्त वाटतं. एक बोट काळी माती तयार व्हायला किती पिढ्या लागतात, याचा विचार केला की जीव घाबरा होतो. गाळ परत शेतात टाकायला, बांध घालायला जी मदत लागते ती मागताना लोक पिकाचे पैसे मागतात. मातीचं नुकसान मोजायला फारसं कुणी येत नाही.

म्हणून मी गेल्या हिवाळ्यापासून एक वही घातली आहे. भेगा कधी मिटल्या, पहिला मृगाचा किडा कधी दिसला, पहार कुठं किती गेली, वापसा कधी आला आणि किती दिवस टिकला. आत्याच्या मुलालाही लिहायला लावलं आहे, तो मोबाइलवर अंदाज बघतो आणि खाली पहारीचं माप टाकतो. दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेलं असलं की काही वर्षांनी त्यांतून काही निघेल, अशी मला आशा आहे.

एक बाजू अजून पूर्णपणे राहून गेलेली आहे, सांगोला-माळशिरसकडच्या धनगरांची. ते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या आधी माळावर परततात. परत कधी निघायचं हे त्यांना कोण सांगतं, हवा, गवत की मेंढरं, हे मला विचारायचं आहे. यंदा त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांचे तळ, हलायच्या आत त्यांना गाठायचं ठरवलं आहे.